एक कंबर आणि तीन क्लास

प्रिय ताई,
वय ४८. डोंबिवलीला राहते, फोर्टमधल्या एका बँकेत काउंटरला बसते. जाऊन-येऊन तीन तास लोकल, त्यातला निम्मा वेळ उभ्याने. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, योग करा. बीपीची एक गोळी चालू आहे. पाळी जायच्या बेतात आहे, रात्री घाम फुटून जाग येते. आतापर्यंत योगाचे तीन क्लास लावले आणि तिन्ही सोडले. पहिला सोसायटीच्या क्लबहाउसमधला पॉवर योगा. तिसऱ्या आठवड्यात कंबर परत धरली. दुसरा अय्यंगार पद्धतीचा. महिनाभर नुसतं उभं राहायला शिकवलं. विटा, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या बघून आपण गोदामात आलोय असंच वाटलं. तिसरा मैदानावरचा पहाटेचा फुकट वर्ग. शंभर माणसं, माइक आणि कपालभाती. मला गरगरायला लागलं. पुण्याची भाची 'अष्टांग' करते, ती म्हणते बाकी सगळा म्हाताऱ्यांचा योग. नवरा म्हणतो, तुझंच मन टिकत नाही. तुम्ही बरेच प्रकार करून पाहिलेत. तुलना करून सांगा, खरा योग कोणता? आणि मॅट कुठली घेऊ?
– एक वाचक, डोंबिवली

आधी यजमानांचा मुद्दा निकालात काढू. ज्यांचं मन टिकत नाही ती माणसं पहिल्या क्लासची फी भरतात आणि चौथ्या दिवसापासून त्या वेळेला घरी चहा पितात. तुम्ही पहिला क्लास सोडला तो कंबर धरली म्हणून, तिसरा सोडला तो गरगरलं म्हणून. दोन्ही वेळा बरोबर केलंत. दुसरा मात्र कंटाळून सोडलात. माझं तुमच्याशी भांडण आहे ते त्या एकाबद्दल, पण त्याकडे जरा वळसा घालून येते.

'खरा योग कोणता' हा प्रश्न तिशीत असताना मीही विचारत फिरले. आता एकसष्टाव्या वर्षी मला तो प्रश्न 'खरा ब्लाउज कोणता' असा ऐकू येतो. ब्लाउज खरा-खोटा नसतो हो, कुणाच्या तरी मापाचा असतो. दुसरीच्या मापाचा घातला तर काखेत काचतो, आणि आपण शिंप्याला सोडून स्वतःच्या दंडाला दोष देतो.

भाचीचा अष्टांग आणि तुमचा गोदामवाला अय्यंगार एकाच घरातले आहेत, हे तिला विचारा ठाऊक आहे का. मैसूरचे पट्टाभी जोइस आणि पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार हे दोघेही तिरुमलाई कृष्णम्माचार्यांचे शिष्य. अय्यंगार तर नात्याने मेहुणेच, त्यांची बहीण कृष्णम्माचार्यांना दिलेली. १९३० च्या दशकात कृष्णम्माचार्य मैसूरच्या राजाच्या आश्रयाने जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवत. समोर कोण? तर पोरं. लवचिक, धडधाकट, एका जागी न बसणारी. अशा पोरांना जे शिकवाल ते उड्यांचं, घामाचं, एका लयीत जाणारंच असणार. जोइसांनी तो धागा धरला, मैसूरच्या संस्कृत पाठशाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, आणि त्यातून आजचा अष्टांग विन्यास उभा राहिला. तुमच्या क्लबहाउसमधला पॉवर योगा हे त्याचंच नातवंड, १९९० च्या दशकात अमेरिकेत जन्मलेलं. म्हणजे भाची ज्याला खरा म्हणते आणि तुमची कंबर ज्याने धरली, ते दोन्ही एकाच वंशावळीतलं.

अय्यंगारांचं अंग मुळातच वेगळं होतं. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं झालेलं. १९३७ मध्ये गुरूंनी त्यांना सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याला पाठवलं, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला. वय अठरा, मराठीचा गंध नाही, आणि समोरची कॉलेजची मुलं अंगाने त्यांच्यापेक्षा दांडगी. ते सहा महिने संपलेच नाहीत. २०१४ मध्ये गेले ते पुण्यातच. ज्याला स्वतःचं शरीर इंचाइंचाने दुरुस्त करून घ्यावं लागलं, त्याच्या शिकवण्यात इंच येणारच. पाय किती अंतरावर, टाच कुठल्या रेषेत, कुठला खांदा मागे. हात जमिनीला पोचत नसेल तर खाली वीट ठेवा. तुम्हाला जे गोदाम वाटलं ते असं जमत गेलं.

आणि खुद्द कृष्णम्माचार्य? मैसूर सोडून मद्रासला गेल्यावर तेच गृहस्थ एकेका माणसाला समोर बसवून, त्याचं वय, दुखणं, धंदा बघून श्वासाच्या अंगाने शिकवू लागले. शंभरी गाठली त्यांनी, १९८९ मध्ये वारले. शिकवणारा एकच, पण समोरचं अंग बदललं तसं शिकवणं बदललं. त्यामुळे कुठल्याही क्लासच्या दारात मी आता एवढंच बघते, की हे कुणाच्या मापाने बेतलंय, आणि त्यात माझं अंग बसतं का.

माझी सुरुवात क्लासमध्ये झालीच नाही. वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे खुद्द राजा, रोज सूर्यनमस्कार घालायचा आणि शाळेतल्या पोरांनाही ते सक्तीचे. त्यामुळे आमच्या घरी साताऱ्याला दात घासण्याइतकीच ती गोष्ट ठरलेली होती. पहाटे शेणाने सारवलेल्या पडवीत वडील 'ॐ मित्राय नमः' म्हणायचे आणि मी अर्धवट झोपेत बारा घालायचे. रथसप्तमीला शाळेत शंभराची पैज लागायची. कुणीही गुडघा कुठल्या रेषेत ते सांगितलं नाही, आणि वयाच्या पंचविशीपर्यंत ते सांगायची गरजही पडली नाही. पोराच्या अंगाला सूर्यनमस्कार पुरतो. तुमच्या अंगाला, तुमच्या त्या गादीसकट, पुढे वाकून जमिनीला हात टेकवत वीस नमस्कार पुरणार नाहीत, उलट महागात पडतील. क्लबहाउसमध्ये बहुधा तेच झालं.

अय्यंगार पद्धतीशी माझी गाठ पडली मला मुलगी झाली त्यानंतर, पुण्यात. पाठ इतकी गेलेली की पाळण्यातून मूल उचलताना घाम फुटायचा. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत शिकून तयार झालेल्या एक बाई घराच्या गच्चीवर वर्ग घ्यायच्या. पहिल्या दिवशी त्रिकोणासन. मी शाळेतल्या सवयीने झटकन वाकले आणि हात घोट्याला लावून त्यांच्याकडे बघितलं, शाबासकीसाठी. बाई काही बोलल्या नाहीत. लाकडी वीट आणली, उभी केली, माझा हात घोट्यावरून काढून विटेवर ठेवला. मग माझ्या मागच्या पायाच्या टाचेवर स्वतःचं पाऊल टेकवलं आणि म्हणाल्या, "आता गुडघ्याची वाटी वर उचला." गुडघ्याला वाटी असते आणि ती वर उचलता येते हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मांडीचा पुढचा स्नायू आवळला, कंबरेच्या एका बाजूला कुणीतरी कडी काढल्यासारखं झालं, आणि इतकी वर्षं मी हे आसन नुसत्या पाठीतून वाकून करत होते हे लख्ख दिसलं. हात खाली पोचायचा तो पाठीच्या जिवावर.

तुमच्या कंबरेचं दुखणं असंच कुठेतरी असू शकतं. तुम्ही दिवसातला दीड तास लोकलमध्ये एका पायावर भार टाकून, एक हात कडीला लावून, दुसऱ्या खांद्यावर पर्स घेऊन उभ्या राहता. त्यानंतर आठ तास काउंटरला पुढे वाकून बसता. तुम्हाला महिनाभर 'नुसतं उभं राहायला' शिकवणाऱ्या त्या बाई किंवा गुरुजी जे कुणी होते, त्यांनी तुमचं दुखणं बरोबर हेरलं होतं असं मला वाटतं. चूक त्यांची झाली असेल तर एवढीच, की का उभं करतोय ते त्यांनी सांगितलं नाही. या पद्धतीत हा दोष आहे. शिकवणारे पुष्कळदा आज्ञा देतात, कारण देत नाहीत. आवाजही चढा असतो. मला स्वतःला तीन वर्षांनंतर त्याचा शीण आला. दर श्वासाला कुणीतरी करंगळी सुधारतंय, मन आत जातच नाही, सगळं लक्ष कातडीवर. प्राणायाम तर सुरुवातीला मिळतच नाही. आधी आसनं पक्की, मग तक्क्यावर पाठ टेकून निजायचं आणि श्वास नुसता बघायचा. घाईच्या माणसाला हे सहन होत नाही. मलाही झालं नाही.

म्हणून मी मैसूरला गेले. छत्तिशीत, मुलीला आईकडे ठेवून, दोन महिने, जोइसांच्या एका विद्यार्थ्याकडे. आणि खरं सांगू, पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. पहाटे पाचला अंधारात खोलीत शिरायचं. कुणी बोलत नाही. वीस-पंचवीस माणसं, प्रत्येक जण आपापल्या जागी ठरलेला क्रम आपापल्या गतीने करतोय, आणि खोलीभर फक्त घशातून घासून जाणाऱ्या श्वासाचा आवाज, समुद्रावर पहाटे येतो तसा. प्रत्येक आसनात पाच श्वास, नजर ठरलेल्या ठिकाणी, मधे हातांवर उडी. पुढचं आसन गुरू देतील तेव्हा. आधीचं जमलं नाही तर तिथेच थांबायचं. पौर्णिमा-अमावास्येला सुट्टी. त्या खोलीत माझं डोकं जेवढं गप्प झालं तेवढं एरवी कुठेच झालं नाही, हे भाचीला माझ्याकडून सांगा. (तिला एक आणखी सांगा, वाद घालायला नव्हे: पतंजलींचं अष्टांग म्हणजे यम-नियमांपासून समाधीपर्यंतची आठ अंगं. आसन हे त्यातलं फक्त एक. क्लासच्या पाटीवर नाव तेच असलं तरी दोन्हींत गल्लत करू नये.)

आता दुसरी बाजू. मी मरीच्यासनाच्या चौथ्या प्रकारात अडकले. एक पाय पद्मासनात, दुसरा गुडघा उभा, त्याभोवती हात गुंडाळून पाठीमागे बोटं धरायची. शेजारची विशीतली मुलगी ते गप्पा मारत केल्यासारखं करायची. परत आल्यावर मी दुसऱ्या एका शहरात क्लास लावला आणि रोज ते आसन 'मिळवायला' जाऊ लागले. एक दिवस बसून पुढे वाकताना शिकवणाऱ्याने पाठीवर भार दिला, मी 'थांबा' म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. मांडीच्या मागे, जिथे आपण बसतो त्या हाडापाशी, 'टक' असा आवाज झाला. आठ महिने. एसटीच्या बाकावर बसता येत नव्हतं, एका बाजूला कलून बसायचे, कंडक्टर विचारायचा, "मावशी, गळू झालंय का?" दोष त्याने दिलेल्या भाराचा होता, तितकाच माझ्या हावेचा. पण पद्धतीचाही थोडा होताच. ठरलेला क्रम सगळ्यांना सारखा, त्यात पुढे वाकायची आसनं एकामागोमाग एक, आणि पुढच्या आसनाचं बक्षीस समोर लटकलेलं. पंचविशीतल्या निरोगी मुलीला ते चढायला शिडी देतं. तुमच्या गादीला ते चालणार नाही. या जन्मात नाही असं मी म्हणत नाही, पण या वर्षी तरी नाहीच.

ते आठ महिने मी लोणावळ्याला गेले नसते तर फुकट गेले असते. कैवल्यधाम ही आपल्या घरची गोष्ट असून आपल्याकडे तिची आठवण फार कमी निघते. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांचं वेड वेगळंच होतं: योगाला प्रयोगशाळेत आणायचं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यात दाब किती असतो हे त्यांनी उपकरण लावून मोजलं, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी निघाला, तर त्याला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव देऊन टाकलं. (याच माधवदासजींचे दुसरे शिष्य श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईत काढलेली संस्था आज सांताक्रूझला आहे आणि तिचा सगळा भर संसारी माणसावर. पाहिलंत, इथेही गुरू एक, घरं दोन.)

लोणावळ्याचं शिकवणं म्हणजे अष्टांगाच्या बरोबर उलट. सावकाश जा, जिथे सुख आहे तिथे थांबा, ओढू नका, सावकाश परत या, पडून राहा. भुजंगासनात मी सवयीने छाती उंच उचलली तर शिक्षक म्हणाले, "एवढं कशाला? बेंबी जमिनीवर राहू द्या." दोन आसनांच्या मधे इतकी विश्रांती की पहिले चार दिवस मला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी लक्षात आलं, जखमेभोवती मी जे स्नायू सतत आवळून धरले होते ते सुटायला लागलेत. 'स्थिरसुखमासनम्' हे सूत्र आपण शाळेत पाठ केल्यासारखं म्हणतो. त्यातलं सुख मला तिथे भेटलं. स्थिर मी पुण्यात शिकले होते. तिथे खटकलं ते एवढंच, की काही दुखत नसलेल्या तरण्या माणसाला तिथे झोप येईल.

चौथं घर मुंगेरचं, बिहार योग विद्यालयाचं. ऋषीकेशच्या शिवानंदांचे शिष्य स्वामी सत्यानंद यांचं. आपल्याकडे ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाने ही परंपरा कित्येक वर्षं मराठी घरांत पोचवली आहे, आणि ठाणं तुम्हाला रोजच्या वाटेवर आहे. ही पद्धत मी स्वतःसाठी शिकले नाही, आईसाठी शिकले. आई तेव्हा बहात्तरची, गुडघ्यांनी हैराण, 'योग' म्हटलं की तोंड वाकडं करणारी. मी तिला पलंगावर पाय सोडून बसवलं आणि म्हटलं, फक्त पायाची बोटं पुढे-मागे कर. दहा वेळा. मग घोटे. मग घोट्यांचे गोल. मग गुडघा वाकवणं-सरळ करणं. पुढे मनगटं, कोपर, खांदे, मान. याला ते पवनमुक्तासनाचा पहिला गट म्हणतात. बघणाऱ्याला हसू येईल असं दिसतं, आणि भाचीचा 'म्हाताऱ्यांचा योग' हाच. तीन आठवड्यांनी आई देवघरापुढे पाटावर बसायला लागली, खुर्ची बाजूला सारून. मला कुठल्याही आसनाचा एवढा आनंद झालेला नाही.

त्याच घराची दुसरी देणगी योगनिद्रा. निजायचं, डोळे मिटायचे, सांगणारा नेईल तिथे मन न्यायचं: उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, असं करत अख्खं अंग फिरून यायचं, मग श्वास उलटे मोजायचे, जडपणा-हलकेपणा आठवायचा. नियम एकच, झोपायचं नाही. मी पहिल्या पाचही वेळा घोरले. शेजारच्या बाईंनी कोपर मारून उठवलं. रात्री घामाने जाग येऊन मग तासभर छताकडे बघत पडणाऱ्या बाईला या वीस मिनिटांइतकं दुसरं काही उपयोगी मला तरी माहीत नाही. घाम थांबणार नाही त्याने. त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पण जाग आल्यानंतरची ती तगमग कमी होते.

मैदानावरच्या वर्गाबद्दल मी फार बोलणार नाही. फुकट शिकवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. नागपूरला जनार्दनस्वामींच्या मंडळाने तर विनामूल्य शिकवणं हेच व्रत मानलं. पण माइकवरून शंभर जणांना एकदम कपालभाती घालायला लावणं मला पटत नाही. 'हठप्रदीपिका' या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती येते ती सहा शुद्धिक्रियांमध्ये, धौती, नेती, नौलीच्या पंगतीत. म्हणजे ती झाडलोट आहे. रोज अर्धा तास कुणी घर झाडत बसत नाही. आणि बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाने ती जोरजोराने करूच नये, हे तुम्हाला पहिल्या दिवशी कुणीतरी विचारून सांगायला हवं होतं. शंभर जणांत कोण कुणाला विचारणार?

तापवलेल्या खोलीतला योग मी एकदाच केला. चाळीस अंशांत दीड तास, सव्वीस आसनं. तुम्हाला रात्री फुकटात घाम येतोच आहे, त्यासाठी पैसे मोजू नका.

आता तुमचं माप घेते. एक, गादी. दोन, बीपी. तीन, झोप. चार, दिवसाला तीन तास लोकल, म्हणजे वेळही नाही आणि ताकदही नाही. या चौघांना धरून मी असं सांगेन: त्या अय्यंगारवाल्या क्लासला परत जा. लाजू नका, शिकवणाऱ्यांना अशी परत येणारी माणसं आवडतात. जाताना एमआरआयचा कागद न्या, बीपीचं सांगा, आणि ऑर्थोपेडिकला आधी विचारून घ्या की पुढे वाकणं, पिळणं, मागे वाकणं यातलं काय बंद. मग शिकवणाऱ्यांना विचारा, दुखण्याच्या माणसांसाठी वेगळा वर्ग आहे का. या पद्धतीच्या मोठ्या ठिकाणी तो असतो. आठवड्यातून दोनदा पुरे. आणि दर वेळी निदान एका गोष्टीचं कारण विचारा: हे का? उत्तर आलं तर तिथे राहा. 'सांगितलंय तेवढं करा' असंच उत्तर तीनदा आलं तर शिक्षक बदला, पद्धत नको.

कुठल्याही शिक्षकासाठी माझ्या तीन परीक्षा आहेत. पहिल्या दिवशी त्याने विचारलं का, की तुम्हाला काय होतंय? आणि शवासनाला वेळ दिला का, की घड्याळ बघून मॅटी गुंडाळायला लावल्या? तिसरी परीक्षा मी आठ महिने एका बाजूला कलून बसून शिकले: 'थांबा' म्हटलं की तो थांबतो का, हे पहिल्याच आठवड्यात मुद्दाम म्हणून बघायचं.

बाकीच्या दिवशी क्लास नाहीच. काउंटरला गर्दी नसेल तेव्हा टेबलाखाली चपला काढून घोटे फिरवा, बोटं आवळा-सोडा, मनगटं फिरवा, खांदे कानापर्यंत उचलून सोडा. शेजारचा सहकारी काय म्हणेल ते म्हणू दे, पंधरा दिवसांत तोही करेल. घरी आल्यावर स्वयंपाकघरात शिरायच्या आधी पंधरा मिनिटं जमिनीवर पाठ टेकवा आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघे काटकोनात. डोक्याखाली घडी केलेली चादर. दिवसभर दबलेल्या कंबरेला यासारखा आराम नाही, आणि या पंधरा मिनिटांत कुकर लावायला दुसरं कुणीतरी घरात आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. रात्री निजताना योगनिद्रा. कपालभाती बंद. श्वासाचं काही करावंसं वाटलंच तर सावकाश उच्छ्वास, आत घेतल्यापेक्षा बाहेर थोडा जास्त वेळ, कुठेही रोखून न धरता. भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, चालेल.

हे सहा महिने. त्याआधी चौथा क्लास शोधू नका. कंबरेतून पायात कळ उतरायला लागली, पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा जातोय असं वाटलं, तर योग, मी, क्लास सगळं बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे. सहा महिन्यांनी कंबर बोलायची बंद झाली असेल तर भाचीला एक दिवस घरी बोलवा आणि तिच्याबरोबर सूर्यनमस्कार घालून बघा, पण हात जमिनीवर नव्हे, खुर्चीवर ठेवून. तिला आधी हसू येईल. मग तिला म्हणा, आता मागची टाच जमिनीला टेकव आणि गुडघ्याची वाटी वर उचल. बघा काय तोंड करते.

आणि मॅट. उभ्याच्या आसनांना न घसरणारी रबरी मॅट हवी, ती क्लासमध्ये मिळते, लगेच विकत घेऊ नका. घरी निजून करायच्या गोष्टींना सतरंजीवर जुनं सोलापुरी चादरीचं पांघरूण घातलं की झालं. रबरी मॅटवर पाठ गार पडते. विटा लागल्याच तर सुताराकडून लाकडी करून घ्या, कडा पॉलिश पेपरने घासून. आणि त्या सतरंजीवर मोजे घालून उभ्या राहू नका, घसराल.